गाडीच्या पोटाखालचं जुनं डांबर: घरी काढायचं तर कसं

कोकणात पंधरा-वीस पावसाळे काढलेली मारुती ८०० विकत घ्यायला गेलात, की मालक हमखास सांगतो, "खालून बघायला नको, पूर्ण अंडरकोटिंग केलेलं आहे." तरी वाका आणि खालून बघाच. काळा, जाड, खडबडीत थर दिसेल. तो काही ठिकाणी पत्र्याला घट्ट धरून असतो, काही ठिकाणी भेगाळलेला असतो आणि चाकांच्या मागे पापुद्रे सुटून लोंबत असतात. थर धडधाकट असेपर्यंत तो खडी, चिखल आणि खाऱ्या हवेपासून पत्रा वाचवतो. एकदा तो सुकून चिरला, की भेगेतून पाणी आत जातं आणि तिथेच राहतं. बाहेरून सगळं काळंभोर दिसतं, आत पत्रा कुजत असतो.

म्हणून हे काम हाती घेताना एक गोष्ट पक्की करा. आपल्याला लपलेलं पाणी आणि गंज शोधायचाय. जो थर सुटलाय तो काढायचा, जो पत्र्याला धरून आहे तो राहू द्यायचा. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत गाडीचं पोट आरशासारखं लखलखीत केलेलं दिसतं, पण त्यातल्या बहुतेक गाड्या पूर्ण सुट्या करून फिरत्या सांगाड्यावर चढवलेल्या असतात. आपण अंगणात पाठीवर झोपून काम करणार आहोत.

दोन प्रकारच्या गाड्यांना घरी हात लावू नका. एक, सीएनजी किंवा एलपीजी किट असलेली गाडी. सीएनजीच्या पाइपात सुमारे २०० बारचा दाब असतो आणि तो पाइप त्याच पोटाखालून जातो. दुसरी, पाच-सात वर्षांची गाडी, जिच्यावर कंपनीचा मूळ थर शाबूत आहे. तिथे काढण्यासारखं काही नसतं.

थर ओळखा

पांढऱ्या चिंधीवर थोडं मिनरल टर्पेंटाइन घ्या आणि थरावर अर्धा मिनिट घासा. चिंधी लगेच तपकिरी-काळी झाली, तर थर डांबरी आहे. जुन्या गाड्यांवर हाच जास्त सापडतो. नुसता पुसला जाऊन पिवळसर चिकटा आला, तर मेणाचा आहे. तो काढायला टर्पेंटाइन आणि चिंध्या पुरतात, पुढचं सगळं वाचायची गरज नाही. अंगठ्याने दाबल्यावर दबून परत वर आला आणि चिंधीवर थोडाच रंग आला, तर रबर मिसळलेला आहे. तो डांबरी थरासारखाच निघतो, फक्त वेळ जास्त खातो.

चौथा प्रकार मात्र नीट ओळखायला हवा. राखाडी, पांढरट किंवा बॉडीच्याच रंगाचा, टर्पेंटाइनला अजिबात दाद न देणारा, सांध्यांवर जाड पट्टीसारखा लावलेला थर दिसला, तर तो कारखान्यात भट्टीत पक्का केलेला पीव्हीसीचा थर आहे. दोन पत्रे जिथे एकत्र येतात ती फट तोच बंद करतो. तो उपटलात तर पुढच्या पावसात पायाखालच्या कार्पेटमध्ये पाणी येईल. बऱ्याच गाड्यांत खाली हा थर आणि वर नंतर कुणीतरी मारलेलं डांबर, असं दुहेरी प्रकरण असतं. अशा वेळी वरचं काळं काढायचं आणि खालचं राखाडी दिसलं की हात थांबवायचा.

जुन्या काळच्या काही कोटिंगांत मजबुतीसाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत. गाडी पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या जमान्यातली असेल आणि थरही त्याच वेळचा वाटत असेल, तर त्यावर ग्राइंडर फिरवून धूळ उडवणं पूर्णपणे वर्ज्य. थर ओला ठेवून हाताने खरवडा, किंवा तशीच राहू द्या गाडी.

गाडी उचलणं

या सगळ्या कामात जीव जाण्यासारखी जागा हीच आहे, म्हणून इथे घाई नको.

गाडीसोबत मिळालेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. हायड्रॉलिक जॅकचंही तेच, त्याचं सील कधीही निकामी होऊ शकतं. गाडी उचलायची जॅकने आणि ठेवायची जॅक स्टँडवर, म्हणजे पोलादी घोडीवर. मारुती ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो, त्यामुळे दोन टनांची जोडी पुरेशी होते. आमच्याकडे सर्रास जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी टेकवतात. जांभा भुसभुशीत असतो आणि टोकावर भार आला की न सांगता फुटतो. पोकळ सिमेंटचे ब्लॉकही तसेच. स्टँड नसतील तर हे काम करू नका. विकत किंवा ओळखीच्या गॅरेजातून दोन दिवसांसाठी आणा.

जमीन काँक्रीटची किंवा शहाबादी फरशीची हवी. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा मातीत स्टँडचे पाय रुततात. तिथे खाली जाड फळी घाला.

एका वेळी पुढची किंवा मागची एकच बाजू उचला. इथे नवख्यांचा गोंधळ होतो. मारुती ८०० मध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअरमध्ये ठेवल्यावर पुढची चाकं अडतात. मागची बाजू उचलली की हँडब्रेक कुचकामी, तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावायच्या. पुढची बाजू उचलली तर याच्या उलट. स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, आणि लावण्याआधी त्या जागेवर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पत्रा आत गेला, तर गाडी तिथे टेकणार नाही, काम तिथेच थांबलं. गाडी स्टँडवर आली की बाहेर उभं राहून दोन्ही हातांनी जोरात हलवा. डुगडुगली तर उतरवून पुन्हा लावा. काढलेलं चाक सिलखाली (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीखाली) आडवं सरकवून ठेवा, तो शेवटचा आधार.

पहिल्यांदाच करत असाल तर पोटाखाली शिरूच नका. एक मागचं चाक काढा आणि चाकाच्या वरची कमान तेवढी साफ करा. बसून करता येतं, उजेड मिळतो, आणि सगळ्यात जास्त खराबी बहुधा तिथेच असते. अर्ध्या दिवसात अंदाज येतो की आपल्याला हे झेपणार आहे का.

गॅरेजच्या खड्ड्यात उतरून हे काम करायचा मोह होईल. पेट्रोल आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र) किंवा ग्राइंडर घेऊन तिथे उतरू नये.

काय काय जमवायचं

लांबी (पुट्टी) भरायची पोलादी पत्री, दोन रुंदीच्या. सुताराची एक जुनी, बोथट पटाशी. प्लास्टिकची पत्री. तापमान कमी-जास्त करता येणारी हीटगन. तारेचे हातब्रश. ग्राइंडर वापरणार असाल तर गार्ड आणि तारेचा कप ब्रश. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, ब्रशवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा त्यापेक्षा जास्त असल्याची खात्री करा, नाहीतर तारा सुटून गोळीसारख्या येतात. मिनरल टर्पेंटाइन, कॉटन वेस्ट, मोठी ताडपत्री, खडू, आणि हाताशी पावडरचा अग्निशामक.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. सिंथेटिक नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल आणि त्यावर तोंडाची काच. पाठीवर झोपल्यावर सगळं थेट डोळ्यांत पडतं, साधा चष्मा उपयोगाचा नाही. धुळीसाठी एन ९५ मास्क चालतो. टर्पेंटाइनच्या वाफेला तो अडवत नाही, त्यासाठी कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान.

वेळ निवडाल ती दिवाळीनंतरची, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात उघडा पडलेला पत्रा डोळ्यांदेखत लालसर होतो. मे महिन्यात डांबर इतकं मऊ पडतं की खरवडताना निघायच्या ऐवजी पसरतं.

धुणं, आणि आतून बघणं

सर्व्हिस सेंटरच्या रॅम्पवर गाडी नेऊन प्रेशरने खालून धुऊन घ्या. चाकांच्या कमानींत, मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात लाल मातीचे गोळे घट्ट बसलेले असतात आणि ते कितीतरी महिने ओल धरून ठेवतात. तिथे पाण्याचा झोत नीट मारायला सांगा. खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ राहत असाल तर हे धुणं दुप्पट महत्त्वाचं, कारण मीठ पत्र्यावर राहिलं तर वर कितीही भारी प्रायमर मारा, गंज परत येतो. पावसाळ्याआधी पोटाखाली जळकं ऑइल मारायची पद्धत तुमच्या गाडीवर झाली असेल, तर आधी डिग्रीझरने ते काढा. तेलकट पत्र्यावर पुढे काहीही धरणार नाही. गाडी धुतल्यावर दोन दिवस उन्हात वाळू द्या.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सीट काढा, कार्पेट उचला. खालून हीटगन लावताना वर सुकलेलं कार्पेट असेल तर ते पेटू शकतं, आणि आपल्याला खाली पडून कळतही नाही. शिवाय कार्पेट उचलल्यावर अर्धं उत्तर मिळतं. वरून गंजाचे फोड दिसले त्या जागी खडूने खूण करा, खालून तिथूनच सुरुवात करायची. आत चिकटवलेले डांबरी पॅड आवाज कमी करण्यासाठी असतात, ते घट्ट असतील तर ठेवा. काढायचेच असतील तर सपाट जागेवर सुका बर्फ पसरून ते ठिसूळ करता येतात. तो उणे ७८ अंशांचा असतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत गुदमरवतो, म्हणून चारही दारं उघडी आणि हातात जाड मोजे.

आता खाली टॉर्च घेऊन नुसतं बघा. हत्यार हातात घेऊ नका. ब्रेकचे पाइप, पेट्रोलचा पाइप, हँडब्रेकची केबल, वायरिंग, सायलेन्सर कुठून कुठे जातात ते पाठ करा. डांबरात बुडालेला ब्रेक पाइप पत्र्याचाच भाग वाटतो आणि पटाशी त्यावर बसते. प्रत्येक पाइपच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ ओढा. पेट्रोलच्या टाकीपासून आणि पाइपपासून हातभर अंतरात उष्णता नाही, ग्राइंडर नाही, टर्पेंटाइन नाही. तिथे फक्त प्लास्टिकची पत्री आणि धीर. खाली कुठेही पेट्रोलचा वास आला, तर आधी ती गळती बंद करून घ्या.

खरवडणं

हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जा. थर पत्र्याला धरून असेल तर आवाज भरीव आणि टणक येतो. सुटलेल्या जागी पोकळ, भदभद असा. पोकळ जागांवर खडूने वर्तुळं करा. वर्तुळांच्या बाहेरचं काढायचं नाही, निदान आज तरी.

पहाटेच्या गारव्यात डांबर ठिसूळ असतं. तेव्हा पत्री भेगेत घालून मागून टिचकी मारली की तळहाताएवढे तुकडे उडतात. कोरड्या थंडीत निम्मं काम असंच, उष्णतेशिवाय होतं. वेंगुर्ला-मालवणकडे पहाटे दव असतं, पण तुकडे उडवायला त्याची अडचण नाही. पत्री पत्र्याशी शक्य तितकी आडवी धरा. उभी धरली की ओरखडे पडतात, आणि प्रत्येक ओरखडा पुढच्या गंजाची जागा असतो.

जे हट्टी आहे त्याला दुपारी हीटगन. सगळ्यात खालच्या तापमानावर ठेवा, वीतभर अंतरावरून सतत हलवत राहा. थर मऊ व्हायला हवा, धूर निघता कामा नये. धूर दिसला म्हणजे जास्त झालं. खाली पीव्हीसीचा थर असेल तर जास्त तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो घशाला आणि फुप्फुसांना जाळतो. मऊ झालेलं डांबर एका दिशेने पट्टीपट्टीने ओढून काढा, दर वेळी पत्री चिंधीने पुसा. एका वेळी फार तर हाताच्या पंजाएवढी जागा. त्याहून मोठी तापवली तर अर्धी थंड होऊन परत घट्ट बसते. गॅसचा ब्लो टॉर्च गाडीखाली न्यायचाच नाही.

नवखे लोक हटकून उलटा क्रम धरतात, आधी ग्राइंडरचा ब्रश फिरवतात. घर्षणाने डांबर वितळतं, तारांत भरतं आणि पत्र्यावर काळी खळ पसरते. ती काढणं मूळ थरापेक्षा अवघड. ब्रशची पाळी शेवटी, जाड थर निघून फक्त गंज आणि डाग उरल्यावर. कारच्या बॉडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो, गंजून तो अर्ध्यावर आलेला असू शकतो, त्यामुळे दाब देऊ नका. कडेवर ब्रश अडकला की ग्राइंडर हातातून उसळतो. पाठीवर झोपून छातीच्या सरळ वर ग्राइंडर धरण्यापेक्षा थोडं बाजूला सरकून काम करा.

उरलेल्या काळ्या डागांवर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी पाच मिनिटं दाबून ठेवा, मग पुसा. हीटगन आणि ग्राइंडर बंद करून, पत्रा थंड झाल्यावरच हे करायचं. पेट्रोलने पुसणारे मेकॅनिक तुम्ही पाहिले असतील. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, म्हणून तो प्रकार घरी नको. बाजारातले पेंट रिमूव्हर डोक्यावरच्या पत्र्यावर टिकत नाहीत, ओघळून मनगटावर आणि मानेवर येतात. त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

चेसिस नंबर ठोकलेल्या जागेला तारेचा ब्रशही लावू नका. खाली फ्रेम असलेल्या जीपगाड्यांत तो फ्रेमवर सापडतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना त्या नंबरची पेन्सिल प्रिंट (कागदावर पेन्सिल घासून घेतलेला छाप) लागते, आणि पुसट झालेला नंबर आरटीओत सिद्ध करत बसणं गंजापेक्षा वाईट.

आत काय निघालं

लालसर भुकटी पुसली जाते आणि खाली पत्रा गुळगुळीत आहे, तर नशीब. ब्रश आणि पॉलिश पेपरने काम भागतं. खड्डे पडलेत पण टोच्याने दाबल्यावर पत्रा दबत नाही, तर रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं, त्याला थोपवणारं रसायन) लावा. फॉस्फोरिक ॲसिडवाला असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे नंतर धुऊन किंवा पुसून काढा, कारण ॲसिड राहिलं तर इपॉक्सी प्रायमर धरत नाही.

टोचा आरपार गेला, तर ते काम वेल्डिंगवाल्याचं. पायाखालचा मजला, सिलची दोन्ही टोकं, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा, सीटबेल्टचा नट, जॅक लावायच्या जागा, एवढ्या ठिकाणी भोक दिसलं की गाडी चालवणंही थांबवा. मारुती ८०० ला वेगळी चेसिस नसते, हाच पत्रा तिचा सांगाडा आहे. "फायबर मारून लांबी भरून देतो, कळणारपण नाही," असं सांगणारा डेंटर भेटेल. कळत नाही हेच वाईट. सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करून घ्या.

परत झाकणं

उघडा पत्रा त्याच दिवशी झाकायचा. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून मीठ काढा, हीटगनने कोरडा करा, टर्पेंटाइनचा तेलकटपणा राहू नये म्हणून शेवटी डिग्रीझर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दव पूर्ण उडालेलं असताना, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान प्रायमर लावा. लाल ऑक्साइड स्वस्त मिळतो, पण तो एकटा पाणी अडवत नाही. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या, ब्रशने दोन हात. सांध्यांवर सीम सीलर, आणि वर रबरी किंवा पॉलियुरेथेनचा दगडमार सोसणारा थर. हार्डनर घालायचं पॉलियुरेथेन घरी फवारू नका, त्यातले आयसोसायनेट साध्या मास्कने थांबत नाहीत. ब्रशने लावायचा प्रकार मिळतो. पुन्हा डांबर मारून घेऊ नका.

सायलेन्सर, ब्रेक, रबरी बुश आणि एक्सलचे बूट आधी कागद-टेपने झाका. दारांच्या आणि सिलच्या खालच्या पाणी निघायच्या भोकांत लाकडी काड्या खोचून ठेवा आणि थर ओला असतानाच उपटा. ती भोकं बुजली तर केलेलं सगळं पाण्यात. सिलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं पातळ मेण) फवारून घेतलं तर आतूनही बंदोबस्त होतो.

खरवडलेले तुकडे ताडपत्रीवरच गोळा करा, गोणीत बांधा आणि नगरपालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात द्या. पऱ्यात (ओढ्यात) किंवा विहिरीच्या बाजूला टाकू नका, आणि शेत भाजायच्या भाजावळीत तर मुळीच जाळू नका. टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवण्याऐवजी बाहेर मोकळ्यावर सुट्या पसरून वाळवा.

चाकं बसवून गाडी खाली घेतलीत की ब्रेकचं पेडल दहा-बारा वेळा दाबून बघा, पाइपांना खालून कोरड्या कागदाने पुसा. ओलसर डाग आला तर गाडी अंगणाबाहेर न्यायची नाही. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा.